इंदूबाईच्या घरी आलेले देव

यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, तरी ललिता बुधाजी खंडारे हे नाव काही सापडेना. सन अठ्ठावन्नचा ऑगस्ट महिना, अमरावतीच्या कॉलेजची पडवी, आणि भिंतीवर शिष्यवृत्ती मिळालेल्या पोरांची यादी डकवलेली. मागच्या वर्षी याच भिंतीवर तिचं नाव वरून तिसरं होतं. यंदा तिच्यापेक्षा कमी मार्कांची पोरं यादीत होती आणि ती नव्हती. मागं उभ्या असलेल्या एका पोरीनं "सरक ना" म्हटलं, तेव्हा कुठं ती बाजूला झाली.

शिष्यवृत्ती गेली म्हणजे कॉलेज गेलं, इतका सरळ हिशेब होता. ललिता नांदगाव खंडेश्वरापासून दोन कोसांवरच्या एका गावची. वस्तीत मॅट्रिक झालेली ही पहिली पोरगी. बाप बुधाजी कापसाच्या हंगामात धामणगावच्या जिनात कामाला जाई आणि एरवी मिळेल ती मजुरी करी. माणूस इतका गरीब स्वभावाचा की घरात आहे की नाही हे बायकोला हाक मारून विचारावं लागे. बोलण्याचं काम सगळं बायकोकडं, म्हणजे इंदूबाईकडं, आणि ती ते दोघांच्या वाटचं करी.

या इंदूबाईचं जरा सांगितलंच पाहिजे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन वस्ती परत आली, तेव्हा घरातले देव काढून टाकायचे असं ठरलं. ठरवणं सोपं हो. पिढ्यान् पिढ्या हात जोडलेले देव नदीत टाकताना भल्या भल्या गड्यांचे हात कापत होते. बुधाजी गाठोडं घेऊन बेंबळेच्या काठावर नुसताच उभा राहिला. इंदूबाईनं ते त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि असं भिरकावलं, की काठावरच्या बायांनी तोंडावर पदर घेतला. त्या दिवसापासून ही बाई वस्तीची फौजदारच झाली. कुणाच्या चौकटीला लिंबू दिसलं, कुणी पोराला ताप आला म्हणून अंगारा लावला, की हिची तोफ सुरू. वस्तीचे पंच जानराव, मोठे मिशाळ गृहस्थ, पण तेही हिला पाहून वाट बदलत. ललिताला आईचा भारी अभिमान होता. शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माच्या जागी तिनं यंदा "बौद्ध" असं लिहिलं, तेही ठळक, वळणदार अक्षरात, आईची आठवण काढून. मागच्या वर्षी शाळेतला जुना दाखला चालून गेला होता, यंदा सगळं नव्यानं लिहून द्यावं लागलं, आणि त्या अभिमानानंच घात केला.

कॉलेजचे हेडक्लार्क वामनराव यांनी तिला ते समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. दिल्लीची शिष्यवृत्ती ज्या जातींना मिळते त्यांच्या यादीत महार आहे, बौद्ध नाही, असं ते म्हणाले. धर्म बदलला म्हणजे सरकारच्या लेखी जात गेली आणि जात गेली म्हणजे सवलत गेली. ललिता ऐकतच राहिली. जात जावी म्हणून तर सगळं केलं होतं. ती गेल्याचा पहिला पुरावा असा मिळेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वामनरावांनी चष्मा पुसत पुसत वाटही सांगितली. महिन्याभरात तहसिलीतून जुन्या जातीचा दाखला आणायचा, आम्ही हिंदूच आहोत असं तिथं लिहून द्यायचं, चौकशीला आर.आय. साहेब, म्हणजे महसूल निरीक्षक, घरी येतील, ते एकदा बघून गेले की काम झालं. तुमच्या घरात कोण डोकावायला येतं हो, असंही ते म्हणाले आणि पुढच्या पोराच्या कागदाला हात घातला.

ललितानं ती वाट धरली नाही. आईला हे सांगायचं म्हणजे आगीत हात घालणं होतं. तिनं आधी दुसरीकडं प्रयत्न केले. प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटली. त्यांनी अर्धी फी माफ केली, पण उरलेली अर्धी होतीच, शिवाय वसतिगृह होतं, मेस होती, पुस्तकं होती. मग कुणीतरी सांगितलं, अकोल्याला एक महिला मंडळ आहे, शिकणाऱ्या मुलींना मदत करतं. बडनेऱ्याहून गाडी धरून ती अकोल्याला गेली. मंडळाच्या चिटणीस सरोजिनीबाई, वकिलांच्या घरच्या, पांढऱ्या साडीतल्या, बोलायला गोड. त्यांनी तिला आत बसवलं, चहा दिला, आणि तोही घरच्याच कपात दिला. मार्क पाहून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पण तुम्हांला तर सरकार देतं ना?"

"सरकार म्हणते तुम्ही आता त्यातल्या नाही," ललिता म्हणाली.

सरोजिनीबाईंनी तिच्याकडं पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं. "असं कसं? त्यातल्याच आहात की तुम्ही."

आमचा निधी ज्यांना कुठूनच काही मिळत नाही अशा मुलींसाठी आहे, असं त्यांनी पुढं समजावून सांगितलं. ललितानं चहा संपवला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिली. दिल्ली म्हणते तुम्ही त्या नाही, अकोला म्हणतं तुम्ही त्याच. मग आपण आहोत तरी कोण? परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती दाराशी उभीच राहिली.

आता घरी सांगणं भाग होतं. रविवारी ती गावी गेली आणि चुलीपुढं बसून तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बुधाजी खाली मान घालून काडीनं जमीन उकरत बसला. ललितानं अंग चोरून घेतलं, आता आईची तोफ सुटणार म्हणून. इंदूबाईनं तव्यावरची भाकर उलटली. पदरानं घाम पुसला. आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "त्या आर.आय.ले घरात काय पाहा लागते?"

ललिताला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही चुकलं.

"माय, तू काय बोलून राहिली? आपुन तसं लिवून द्यायचं?"

"तुले शिकाचं हाये का नाई?"

बुधाजीनं वर पाहिलं आणि परत काडीनं जमीन उकरू लागला. अर्ज बुधाजीच्या अंगठ्यानं तहसिलीत गेला. ललिता वसतिगृहात परतली, पण तिचं लक्ष कशात लागेना. आईनं आपल्यासाठी मान खाली घातली, या विचारानं तिला अन्न गोड लागत नव्हतं, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात कॉलेज वाचल्याचा आनंद होता. त्या आनंदाची तिला भयंकर लाज वाटे.

चौकशीचा दिवस ठरल्याचा निरोप आला तशी ती सकाळच्या मोटारीनं निघाली. फाट्यावर उतरून चालत घरी पोचली, उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं आणि तिथंच खिळली. समोरच्या कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो असायचा. तो नव्हता. तिथं देव होते. एक नाही, दोन नाही, कोनाडा ठेचून भरला होता. पितळेची मरीमाय, मारुती, भवानी, खंडोबा, आणि चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले देवांचे जुने टाक, काळे पडलेले, ओळीनं मांडलेले. हळदकुंकू वाहिलेलं. उदबत्तीचा वास. आणि त्या सगळ्यांपुढं इंदूबाई जमिनीवर बसलेली, भांबावलेली, स्वतःच्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

"माय, हे कुठून आणले? आपले तं नदीत गेले."

इंदूबाईनं मग सगळं सांगितलं. झालं असं होतं. घरात देव दाखवायचे तर देव हवेत. गावातल्या दुसऱ्या घरचे देव यांच्या वस्तीत कोण देणार? इंदूबाईला एकाच बाईचा संशय होता, तानुबुढीचा. नव्वदीला टेकलेली म्हातारी, तिनं एखादा लपवला असेल तर असेल. इंदूबाई भीत भीत तिच्याकडं गेली. तानुबुढीनं जवारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि खंडोबा बाहेर काढला. दोन वर्षं तो जवारीत होता. इथवर ठीक होतं. पण बातमी फुटली, आणि आदल्या दुपारपासून वस्तीच्या बाया एकेक करून मागच्या दारानं येऊ लागल्या. एकीनं पदराखालून मारुती काढला. दुसरीनं सुपात गहू आणले, गव्हाखाली भवानी. पोरीच्या शिक्षणाचं काम आहे, ठेवा दोन दिवस, असं म्हणत आणि इंदूबाईच्या डोळ्याला डोळा न देता जी ती निघून गेली. शेवटी जानराव पंचांची बायको मनकर्णाबाई आली, तिच्याकडं दोन टाक होते. वस्तीत देव फक्त एका घरचे बुडाले होते.

"दोन वर्सं मी कोनाच्या डोक्शावर नाचून राहिली व्हती, बाई?" इंदूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हे सगळ्यांत वाईट. ती नुसती चकित होती. ज्या बायांना तिनं ताड ताड बोलून घेतलं, त्यांनी मान डोलावली होती, हात जोडले होते, आणि घरी जाऊन कणगीचं तोंड लिंपून घेतलं होतं.

"अन् बाबासाहेब कुठी हायेत?"

इंदूबाईनं खाली पाहिलं. फोटो नव्या लुगड्यात गुंडाळून तानुबुढीच्या कणगीत ठेवला होता. खंडोबा निघाला तिथं तो गेला.

तेवढ्यात आर.आय. साहेब आलेच. छत्री, खाकी पँट, कोतवाल मागं. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले, आणि बुधाजीनं आणलेल्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं, मग वाकून नीट पाहिलं. मिशीत हसले. एका घरात तीन तीन खंडोबा कसे, असं त्यांनी विचारलं. इंदूबाईनं उत्तर दिलं, एक माहेरचा आहे, एक सासरचा. आणि तिसरा? तिसऱ्याला ती अडखळली. ललितानं जन्मात आईला अडखळताना पाहिलं नव्हतं.

साहेबांना सगळं कळलं असावं. अशा कोनाड्यांची त्यांना त्या साली सवय झाली असेल. कटकट नको म्हणून ते म्हणाले, "बाई, मला लिहायचं तर आहेच. एक करा. त्या देवावर हात ठेवा आणि म्हणा, हे आमचं कुळदैवत, आम्ही हिंदूच आहोत. एवढं म्हणा, मी सही करतो."

इंदूबाई उठली. कोनाड्यापाशी गेली. तिनं हात उचलला आणि तो हवेतच राहिला. जो हात बेंबळेच्या काठावर कापला नव्हता तो आता पानासारखा थरथरत होता. साहेब वाट पाहत होते. बुधाजी देवांकडं नाही, बायकोकडं पाहत होता. ललिताला आईची ती दशा बघवेना. ही बाई बुद्धाचं नाव घेऊन वाघिणीसारखी वस्तीतून फिरली, आणि आपल्या चार पुस्तकांपायी हिला खोट्या देवाची शपथ घ्यावी लागते आहे, असं वाटून ती पुढं झाली.

"साहेब, लिवू नका," ती म्हणाली. "आमी बौद्ध आहो. हे देव आमचे नाईत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना वाईट वाटलं असावं. पोरीकडं पाहत ते एवढंच म्हणाले, की मग मलाही तसंच लिहावं लागेल. आणि छत्री उघडून गेले.

इंदूबाईचा हात अजून वरच होता. तो तसाच फिरला आणि ललिताच्या गालावर बसला. "तुले कोन बोलाले सांगतलं व्हतं?" एवढं म्हणून ती चुलीपाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. ललिता रडली नाही. गाल चोळत ती तिथंच उभी राहिली. आता कॉलेज संपलं हे तिला कळत होतं, आणि ते आपल्याच तोंडानं संपवलं हेही.

पुढं महाराष्ट्र झाल्यावर राज्यानं बौद्धांच्या पोरांनाही सवलती दिल्या, पण ती पुढची गोष्ट. त्या ऑगस्टात पुढचं कुणाला दिसत होतं? त्या वेळी दिसत होते ते फक्त कोनाड्यातले देव. कारण झालं भलतंच. चौकशीत काय झालं ते वस्तीला कळलं आणि देव परत न्यायला कुणी येईचना. मागच्या दारानं आणून देणं वेगळं, पण आता सगळ्यांच्या नजरा इंदूबाईच्या दारावर होत्या. जो नेईल तो उघडा पडेल. इंदूबाईनं फोटो कणगीतून आणून कोनाड्यात लावला आणि देव सुपात घालून ते सूप रविवारी बुद्धवंदनेला नेलं. सगळी वस्ती जमलेली. तिनं सूप मधोमध ठेवलं आणि सांगितलं, ज्याचे असतील त्यानं घेऊन जा, मी काही बोलणार नाही.

कुणी हललं नाही. जानराव आढ्याकडं पाहू लागले. मनकर्णाबाई पोराच्या डोक्यातल्या उवा पाहू लागली. ज्या सुपानं गव्हाखालून भवानी आली होती, त्या सुपाच्या मालकिणीनं सूपसुद्धा ओळखलं नाही. ललिता आईच्या मागं बसली होती. तिला हसूही येत होतं आणि या सगळ्यांच्या अंगावर ओरडावंसंही वाटत होतं.

मग तानुबुढी काठी टेकत उठली. सगळ्यांसमोर तिनं सुपात हात घातला, चाचपून आपला खंडोबा उचलला, आणि म्हणाली, "हा माहा हाये. लपवून ठेवला व्हता." जानरावांची मान आढ्यावरून खाली आली. म्हातारीनं खंडोबा डोळ्यांशी नेऊन नीट पाहिला, त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं, आणि परत सुपात ठेवला. "नव्वद वर्सांत यानं मले काई देलं नाई. आता पोरीले कामी येते का पाह्य," असं म्हणून ती आपल्या जागी जाऊन बसली. मागून एक जण हसला. बाकी कुणी बोललं नाही, पण नकोही म्हटलं नाही, आणि वस्तीत नको न म्हणणं म्हणजे हो म्हणणंच असतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी धामणगावला गेल्या. बाजारात नत्थुजी सोनाराचं दुकान होतं. इंदूबाईनं फडकं सोडून देव त्याच्यापुढं ठेवले. टाक सोडले तर बाकी पितळच होतं, पण टाक जुने, जाड चांदीचे होते. नत्थुजीनं ते पाहिले आणि हात मागं घेतला. मोडीत दागिने घेतो, देव घेत नाही, असं तो म्हणाला. देव मोडीत घालणं पाप आहे. कुणी घालत नाही. बाई, तुम्ही घालू नका.

ललिता पुढं होऊन सांगणारच होती, की आम्ही पाप मानत नाही, आम्ही बौद्ध आहोत. तिनं तोंडही उघडलं होतं. पण आई आधी बोलली.

"पाप माह्या नावावर लिवा," इंदूबाई म्हणाली. "पैसे पोरीच्या हातात द्या."

नत्थुजीनं तराजू घेतला. टाक वजनाला चढले तेव्हा इंदूबाईनं डोळे मिटून घेतले, आणि तिचे दोन्ही हात लुगड्याच्या आड एकमेकांना जोडलेले ललिताला दिसले. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तशी ती दचकली. त्या दिवशी कोनाड्यापुढं आईचा हात का कापला, ते तिला आता कळलं. खोटी शपथ घ्यावी लागते या संतापानं तो कापला नव्हता. खरी भीती होती ती. आणि आपण मोठ्या तोऱ्यात साहेबांना सांगितलं होतं, हे देव आमचे नाहीत म्हणून.

पैसे घेऊन दोघी बाहेर आल्या. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत ललिताला धीर धरवला नाही.

"माय, तू अजून मानते देवाले?"

इंदूबाई चालतच राहिली. "मले काय मालूम," ती म्हणाली. "तू मानू नाई म्हनून बुडवले."

ललितानं पैसे रुमालात बांधले आणि रुमाल पोलक्यात खोवला. त्यांतून त्या वर्षाची उरलेली अर्धी फी भागली, मेसचे काही महिने निघाले, आणि पुढं अकोल्याच्या शाळेत ती बाई होऊन शिकवायला लागली तरी आईला तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. स्टेशनकडं जाताना वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. इंदूबाई पुढं बघून सरळ निघून गेली, आणि पोरगी मागून येते आहे का, हे मात्र तिनं दोनदा वळून पाहिलं.